केसरबाईंची भैरवी, केप्लरचे ग्रह आणि आपला यंदाचा देखावा



स्मरणिकेसाठी दरवर्षी माझ्याकडून रेल्वेविषयी काहीतरी लिहून घेतले जाते. यंदा मात्र संपादक मंडळींनी विषय बदलला आणि त्याला कारण झाली आपली देखाव्याची बैठक. तरुण मंडळींनी यंदा अंतराळ प्रवासाचा देखावा सुचवला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले आणि २०२५ साली शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर जाऊन आले, तेव्हापासून आपल्या मुलांच्या डोक्यात तोच विषय आहे. कल्पना सर्वांनाच आवडली. पुढे प्रश्न आला पार्श्वसंगीताचा. एका मुलाने मोबाईल काढला, त्यावर दोन ओळी टाइप केल्या आणि एखाद्या मिनिटात अंतराळ प्रवासाचे संगीत वाजू लागले. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले. व्हायोलिन, बासरी, मागे गंभीर घुमणारा आवाज, सगळे होते. टाळ्याही पडल्या. उत्साहाच्या भरात तो मुलगा म्हणाला, "आरतीची साथही यावरच करता येईल."

आपल्याकडे वर्षानुवर्षे आरतीला पेटीची साथ करणारे एक काका आहेत. खानापूर तालुक्यातून गलाईच्या धंद्यासाठी मिसरूड फुटण्याच्या वयात ते इकडे आले. दिवसभर सोने-चांदी गाळायची आणि भाद्रपदात दहा दिवस पेटी वाजवायची, हा त्यांचा नेम. त्यांनी शांतपणे विचारले, "मग साहेब, यंदा पेटी माळ्यावर टाकू का?"

बैठकीत कोणालाच उत्तर सुचले नाही. मलाही नाही. मी सिग्नल खात्यातला डिप्लोमाधारक माणूस. संगीतातले मला फारसे कळत नाही, पण यंत्रातले थोडे कळते. म्हणून हा प्रश्न घेऊन मी घरी गेलो आणि जमेल तसे वाचत बसलो. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो. सांगण्यात काही कमी-जास्त झाल्यास जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

आपल्या अंगणातले ग्रह

आपण राहतो ते इन्नंबूर हे साधे गाव नव्हे. इथल्या शिवाचे नाव एळुत्तरिनाथर, म्हणजे अक्षरे जाणणारा स्वामी. शाळेत घालण्याआधी मुलांना इथे आणतात. गावाचे नावही 'इनन्' म्हणजे सूर्य या शब्दावरून आले, असे स्थलपुराण सांगते. जवळच स्वामीमलै. तिथे बाल मुरुगनाने प्रत्यक्ष पित्याला प्रणवाचा, म्हणजे ओंकाराचा अर्थ सांगितला अशी श्रद्धा आहे. तिरुप्पुरंबियमला गणेश चतुर्थीच्या रात्री गणपतीला मधाचा अभिषेक होतो, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. अक्षर, सूर्य, नाद आणि गणपती अशी चौघांची वस्ती आपल्या अवतीभवती आहे!

शिवाय कुंभकोणमच्या भोवती नवग्रहांची नऊ क्षेत्रे आहेत. सूर्यनार कोविल, तिंगळूर, आलंगुडी, कंजनूर, तिरुनागेश्वरम् वगैरे. गावाकडून पाहुणे आले की त्यांना गाडी करून ही यात्रा घडवणे हे आपल्या प्रत्येकाच्या कपाळी लिहिलेलेच आहे. पण या ग्रहांची गाणीही याच मुलुखात झाली, हे मला इतकी वर्षे ठाऊक नव्हते. तिरुवारूरचे मुत्तुस्वामी दीक्षितर (निधन १८३५) यांनी रविवार ते शनिवार या सात वारांच्या ग्रहांवर सात कृती रचल्या. गंमत म्हणजे सातांना सात वेगवेगळे ताल दिले. सूर्याला ध्रुव, चंद्राला मठ्य, मंगळाला रूपक, असे करत शनीला एक ताल. राहू आणि केतू यांच्यावरील कृतीही परंपरेने त्यांच्याच नावावर गायल्या जातात.

हा काळ तंजावरच्या मराठी राज्याचा. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला सुरू केलेली ही गादी १८५५ पर्यंत चालली. म्हणजे ग्रहांवरचे संगीत हा विषय आपल्या देखाव्याने आज आणलेला नाही. तो याच कावेरीकाठी, मराठी राजवटीच्या छायेत, दोनशे वर्षांपूर्वी येऊन गेला आहे.

ग्रह गातात, असे म्हणणारा गणिती

तिकडे युरोपात त्याच्याही दोनशे वर्षे आधी योहान्नेस केप्लर या ज्योतिर्विदाने एक विलक्षण खटाटोप केला. त्याचे तीन नियम आपण शाळेत शिकलो. तिसरा नियम ज्या ग्रंथात आहे, त्या १६१९ सालच्या ग्रंथाचे नाव 'हार्मोनिकेस मुंदी', म्हणजे विश्वाचे सुसंवाद. ग्रह सूर्याजवळ आला की वेगाने फिरतो, दूर गेला की मंदावतो. केप्लरने वेगाला सूर मानले. वेग वाढला की सूर चढतो, मंदावला की उतरतो. प्रत्येक ग्रहाच्या कमाल आणि किमान वेगाचे गुणोत्तर काढून त्याने त्या ग्रहाची सुरावट लिहिली. शुक्राची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार, म्हणून तो एकाच सुरावर अडून बसतो. बुधाचा वेग फार बदलतो, म्हणून तो लांब लांब ताना मारतो. आपल्या पृथ्वीच्या वाट्याला जेमतेम अर्ध्या स्वराची वरखाली आली.

हे संगीत प्रत्यक्ष कानांनी ऐकायचे नाही, बुद्धीने ऐकायचे, असे केप्लरचे म्हणणे होते. त्याच्याजवळ गणित होते, पण ते वाजवून दाखवील असे यंत्र नव्हते. ते यंत्र यायला साडेतीनशे वर्षे लागली. त्याकडे पुढे येतोच.

बहात्तर मेळांचे कंट्रोल टेबल

केप्लर ग्रहांचे गणित मांडत होता, त्याच शतकात आपल्या भागात एक माणूस सुरांचे गणित मांडत होता. कुंभकोणमच्या महामहम् तलावाभोवतीचे सोळा मंडप आपण सर्वांनी पाहिले आहेत. ते बांधले गोविंद दीक्षितरांनी, असे मानतात. ते तंजावरच्या नायक राजांचे प्रधान. त्यांचे पुत्र वेंकटमखी. विजयराघव नायकाच्या कारकिर्दीत त्यांनी 'चतुर्दंडीप्रकाशिका' हा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि त्यात ७२ मेळांची योजना मांडली.

माझ्या सिग्नल खात्यातल्या सहकाऱ्यांना ही योजना चटकन समजेल. स्टेशनच्या इंटरलॉकिंगसाठी आपण कंट्रोल टेबल बनवतो. कोणता रूट, कोणते पॉइंट, कोणता सिग्नल. सगळ्या शक्य जोड्या आधी मांडायच्या आणि एकमेकांशी टक्कर घेणाऱ्या जोड्या बाद करायच्या. वेंकटमखींनी नेमके हेच केले. सा आणि प अचल. मध्यमाचे दोन प्रकार. रिषभाच्या तीन जागा, गांधाराच्या तीन जागा, म्हणजे जोड्या नऊ. परंतु गांधार हा रिषभाच्या वर असायला हवा. त्याच जागेवर किंवा खाली येणाऱ्या तीन जोड्या बाद. उरल्या सहा. धैवत-निषादाच्याही याच हिशेबाने सहा. सहा गुणिले सहा गुणिले दोन, बरोबर ७२. यापेक्षा एक जास्त नाही, एक कमी नाही.

हे ७२ मेळ सहा-सहाच्या बारा चक्रांत बसवलेले आहेत. पहिल्या चक्राचे नाव इंदू, कारण चंद्र एक. दुसरे नेत्र, कारण डोळे दोन. शेवटचे बारावे आदित्य, कारण आदित्य बारा. चंद्रापासून निघून सूर्यापर्यंत! आपल्या देखाव्याला याहून चांगला नकाशा कुठे मिळणार?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. या ७२ पैकी त्या काळी प्रत्यक्ष प्रचारात होते फक्त १९ मेळ. बाकीचे नुसते तक्त्यात. तक्त्याने जागा दाखवली, पण तिथे राग वसवायला गाणारी माणसे यावी लागली. पुढच्या काळात दीक्षितर, त्यागराज आणि इतर रचनाकारांनी त्या ओसाड घरांत दिवे लावले. तक्ता आणि गाणे यांतला हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण काकांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे.

या तक्त्याशी आपल्या मराठी माणसांचे नातेही जुने आहे. तंजावरचे तुळजाजी राजे (कारकीर्द १७२८ ते १७३६) स्वतः संगीतशास्त्रज्ञ होते. त्यांचा 'संगीतसारामृत' हा ग्रंथ वेंकटमखींचा आधार घेऊन लिहिलेला आहे. पुढे १९०४ साली मुंबईचे एक वकील दक्षिणेच्या प्रवासाला निघाले. पंडित विष्णु नारायण भातखंडे. एट्टयपुरम् येथे त्यांची सुब्बराम दीक्षितरांशी भेट झाली आणि 'चतुर्दंडीप्रकाशिका' त्यांच्या हाती आली. उत्तरेतल्या शेकडो रागांची मोट कशी बांधावी, हा प्रश्न घेऊन ते हिंडत होते. वेंकटमखींच्या तक्त्याने त्यांना वाट दाखवली आणि आज प्रत्येक संगीत विद्यालयात शिकवले जाणारे दहा थाट त्यातून उभे राहिले. त्यांचे 'हिंदुस्थानी संगीत पद्धति'चे मोठे खंड मुळात मराठीत आहेत. भातखंडे गेले ते १९ सप्टेंबर १९३६ रोजी. तो दिवस गणेश चतुर्थीचा होता.

यंत्र गाऊ लागले

यंत्राकडून संगीत रचून घेण्याची कल्पना संगणकाच्याही आधीची आहे. १८४३ साली इंग्लंडमध्ये एडा लव्हलेस या विदुषीने चार्ल्स बॅबेजच्या नियोजित गणनयंत्रावर टिपणे लिहिली. सुरांचे परस्परसंबंध अंकांच्या नियमांत मांडता आले, तर हे यंत्र कितीही गुंतागुंतीचे संगीत रचू शकेल, असे तिने त्यात म्हटले. ते यंत्र पुरे झाले नाही, पण विचार राहिला.

१९५७ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील लेजारेन हिलर आणि लिओनार्ड आयझॅकसन यांनी इलिऍक नावाच्या संगणकाकडून चार तंतुवाद्यांसाठी एक रचना करून घेतली. पद्धत सोपी होती. संगणक आकडे उधळायचा, प्रत्येक आकडा म्हणजे एक सूर, आणि नियमात न बसणारे सूर फेकून द्यायचे. पुन्हा आपले कंट्रोल टेबलच! १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेत आयबीएम ७०४ या संगणकाकडून एक जुने इंग्रजी गाणे गाऊन घेतले गेले. ते ऐकलेल्यांत लेखक आर्थर क्लार्क होते. म्हणूनच १९६८ च्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' या चित्रपटात अंतराळयानातला संगणक बंद पडताना तेच गाणे म्हणतो.

आपल्याकडेही लोक गप्प बसले नव्हते. तांबरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गणिती गिफ्ट सिरोमनी यांनी १९६४ मध्ये के. आर. राजगोपालन यांच्यासह कर्नाटक संगीताच्या शैलीचे माहितीशास्त्राच्या अंगाने विश्लेषण प्रसिद्ध केले. पुढे पुण्यात संगणकशास्त्रज्ञ प्रा. हरी सहस्रबुद्धे यांनी हिंदुस्थानी रागातल्या सुरांच्या चाली नियमांत बांधून संगणकाकडून रागाची मांडणी करून घेण्यावर काम केले. सुप्रसिद्ध गायिका वीणा सहस्रबुद्धे या त्यांच्या पत्नी. एकाच घरात एकीकडे ग्वाल्हेरची गायकी आणि दुसरीकडे संगणक. त्या घरात यंत्राच्या भैरवीवर काय चर्चा होत असेल, ते ऐकायला मला फार आवडले असते!

एकाच तबकडीवर दोघी

आता या लेखाचा गाभा. १९७७ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली. व्हॉयेजर-२ आधी, २० ऑगस्टला. व्हॉयेजर-१ नंतर, ५ सप्टेंबरला. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी आहे. व्यास १२ इंच, फिरण्याचा वेग मिनिटाला १६⅔ फेरे, आणि वाजवण्यासाठी सुईसुद्धा सोबत दिलेली! कधी काळी कोणा परग्रहवासीयाच्या हाती लागली, तर पृथ्वीची ओळख पटावी म्हणून. कार्ल सेगन हे या कामाचे प्रमुख. तबकडीवर चित्रे आहेत, ५५ भाषांतील शुभेच्छा आहेत आणि जगभरातील संगीताचे २७ नमुने आहेत.

५५ भाषांत मराठी आहे, ही अभिमानाची गोष्ट. मात्र तमिळ नाही. हे आमच्या रिले रूममध्ये मी बोलून गेलो आणि आठवडाभर मला चहा पाजावा लागला. "एवढी जुनी भाषा सोडून गेले कसे, सार?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

२७ नमुन्यांत भारतातून एकच गाणे निवडले गेले आणि ते आहे आपल्या केसरबाई केरकरांचे. साडेतीन मिनिटांची भैरवी. केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या केरी गावी झाला. अनेक गुरूंकडे थोडेथोडे शिकल्यावर १९२१ पासून त्या उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या आणि जयपूर-अत्रौली घराण्याच्या अग्रणी गायिका झाल्या. १९६९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. आपले गाणे कोणी उचलू नये याबद्दल त्या फार जागरूक असत आणि ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत कमालीच्या चोखंदळ होत्या. त्यामुळे त्यांच्या तबकड्या थोड्याच आहेत. संगीत अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ही भैरवी सुचवली, तेव्हा ती तबकडी मिळता मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या.

व्हॉयेजर-१ निघाले ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबर १९७७ रोजी, अवघ्या अकरा दिवसांनी. मैफलीच्या शेवटी भैरवी म्हणतात. बाईंची भैरवी मात्र तेव्हा प्रवासाला निघाली होती. या भैरवीचे स्वर वेंकटमखींच्या तक्त्यात शोधले, तर ते आठव्या मेळात सापडतात. इकडे त्याला आज हनुमत्तोडी म्हणतात.

आणि त्याच तबकडीवर, पृथ्वीवरच्या ध्वनींच्या विभागात, आणखी एक चीज आहे. ती ऐकली तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठलो. लॉरी स्पीगल या संगीतकार बाईंनी १९७७ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या संगणकावर केप्लरच्या ग्रहांचे संगीत वाजवून घेतले. १६१९ चे गणित, १९७७ चा संगणक. म्हणजे अंतराळावरचे संगणकीय संगीत प्रत्यक्ष अंतराळात जाऊन जवळजवळ अर्धशतक झाले! आपल्या मुलांनी मोबाईलवर जे केले त्याची आजी तिथे आधीच बसलेली आहे, आणि तिच्या शेजारी केरीच्या केसरबाई. निवडणाऱ्यांनी यंत्र घेतले म्हणून गाणारीला वगळले नाही आणि गाणारी घेतली म्हणून यंत्राला हाकलले नाही. दोघींना दोन वेगळ्या कामांसाठी घेतले. एक ग्रहांची गती सांगते, दुसरी माणसाचे मन.

रुळांचा खडखडाट आणि ताऱ्यांचा सूर

आकड्यांचे आवाज करणे म्हणजे काय, हे रेल्वेवाल्यांना वेगळे सांगायला नको. १३ मीटरचे रूळ फिशप्लेटने जोडलेले असत, तेव्हा प्रत्येक जोडावर गाडीचा 'खट्' आवाज येई. घड्याळ लावून ४७ सेकंदांत किती 'खट्' झाले ते मोजायचे. जेवढे 'खट्' तेवढा ताशी किलोमीटरमध्ये वेग. आता सलग जोडलेले लांब रूळ आले आणि तो ताल गेला. पण वेग कानाने मोजणारी शेवटची पिढी आमची.

व्हॉयेजरच्या बाबतीत नेमके हेच घडले. हे यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेले की नाही, यावर शास्त्रज्ञांत वाद होता. यानावर तेव्हा आयोवा विद्यापीठाचे डॉन गर्नेट यांच्या देखरेखीखाली असलेले एक उपकरण आहे. बाहेरच्या विद्युतभारित वायूतील कंपने ते टिपते. सूर्यावरील स्फोटांचा धक्का तिथवर पोचला, तेव्हा ही कंपने मिळाली आणि ती माणसाच्या कानाला ऐकू येईल अशा पट्टीतली निघाली. २०१२ च्या अखेरीपेक्षा २०१३ च्या उन्हाळ्यात सूर चढलेला होता. सूर जितका उंच तितका वायू दाट. त्यावरून हिशेब मांडून निष्कर्ष निघाला की, यान ऑगस्ट २०१२ मध्येच ताऱ्यांमधल्या प्रदेशात गेले. सुरावरून सरहद्द ठरली! २०१४ मध्ये डोमेनिको व्हिचिनान्झा यांनी दोन्ही व्हॉयेजरनी वर्षानुवर्षे पाठवलेल्या मोजमापांतून तंतुवाद्ये आणि पियानो यांची जुगलबंदी रचली. सुमारे ३ लाख २० हजार आकडे, एक सूर एका यानाचा, दुसरा दुसऱ्याचा. अशा संगीतात मला प्रामाणिकपणा दिसतो. कोणी विचारले तर प्रत्येक सुराचा हिशेब देता येतो.

मग आजचे यंत्र वेगळे कशात?

इथपर्यंतच्या सर्व यंत्रांना नियम माणसाने दिलेले होते. आमच्या इंटरलॉकिंगसारखे. सिग्नल मिळाला नाही, तर कोणत्या रिलेमुळे मिळाला नाही हे बोट ठेवून दाखवता येते. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता तशी नाही. तिला नियम कोणी शिकवत नाही. तिच्यापुढे माणसांनी गायलेल्या-वाजवलेल्या ध्वनिमुद्रणांचा प्रचंड साठा ठेवतात. एका आवाजानंतर दुसरा कोणता येण्याचा संभव जास्त, हे ती त्यातून स्वतः उचलते आणि मागणी येईल तसे नवे जुळवते. हाच सूर का घेतला, असे विचारले तर बोट ठेवायला जागा नाही. आणि ज्यांचे गाणे ऐकून ती शिकली त्यांना विचारले होते का, हा तर मोठाच प्रश्न. जून २०२४ मध्ये अमेरिकेत मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी अशा दोन सेवांवर दावे लावले. त्यांतल्या काहींत २०२५ मध्ये तडजोडी झाल्या, पण मूळ प्रश्न मिटलेला नाही. गाणे कोणी उचलू नये म्हणून जन्मभर जपणाऱ्या केसरबाई आज असत्या, तर त्यांनी काय केले असते याची कल्पना वाचकांनी करावी!

मी एक प्रयोग केला. यंत्राला भैरवीतली एक छोटी रचना करायला सांगितली आणि ती काकांना त्यांच्या दुकानात जाऊन ऐकवली. भट्टी बाजूला ठेवून त्यांनी डोळे मिटून सगळी ऐकली. म्हणाले, "सूर चुकला नाही कुठं. पण साहेब, ह्यो शिकला कुणाकडं ते कळंना." थोडे थांबून पुन्हा म्हणाले, "आमच्याकडं सोनं आलं की पहिल्यांदा विचारतो, कुणाचं हाय? मग भट्टीत टाकतो. एकदा वितळलं की काय सांगता येतंय?"

यावर मला बोलायला शब्द उरले नाहीत. न्यायालयांत जो वाद चालला आहे तो गलाईच्या दुकानात दोन वाक्यांत मांडून झाला होता.

मात्र मुलांची बाजूही मांडली पाहिजे. परक्या गावात वाढणाऱ्या, घरी मराठी आणि शाळेत तमिळ-इंग्रजी बोलणाऱ्या या मुलांना वाद्यवृंद कुठून मिळणार? या यंत्रामुळे त्यांना निदान काहीतरी रचून पाहावेसे वाटले. शिवाय संगीतात बाहेरचे काही घेऊ नये म्हणावे, तर आपला इतिहास आडवा येतो. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांसारखे मराठी कीर्तनकार तंजावरला आले. त्यांचे ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी इथली हरिकथा घडवली. साकी, दिंडी, अभंग आजही तमिळ हरिकथेत आहेत. पण तिथे एक गोष्ट होती. कोणाकडून घेतले ते सर्वांना ठाऊक होते, आणि कृष्ण भागवतर ते स्वतःच्या गळ्यातून गायले.

बैठकीत काय ठरले

हे सर्व मी पुढच्या बैठकीत सांगितले. थोडी वादावादी झाली, ती झालीच पाहिजे. अखेर तीन गोष्टी ठरल्या. देखाव्याला मुलांनी संगणकावर केलेले संगीत राहील. परंतु ते आयते मागवायचे नाही, तर केप्लरप्रमाणे ग्रहांच्या वेगांचे आकडे घेऊन मुलांनी स्वतः नियम ठरवून करायचे. दुसरे, ते कसे केले हे मराठीत आणि तमिळमध्ये लिहिलेला फलक देखाव्याजवळ लावायचा. त्यावर केप्लर, वेंकटमखी, दीक्षितर, स्पीगल आणि केसरबाई यांची नावे असतील. तिसरे, आरती माणसांनीच म्हणायची आणि साथ पेटीचीच.

मी आधी यंत्राच्या बाजूने हात वर करणार होतो, हे इथे कबूल करतो. ते सोपे होते, स्वस्त होते आणि दहाही दिवस न थकता वाजले असते. आरतीत काकांचा हात आताशा मधूनच अडखळतो. आपण सगळे त्यांच्यासाठी क्षणभर थांबतो आणि पुन्हा एकत्र उचलतो. यंत्र अडखळले नसते, मग आपणही थांबलो नसतो. त्या थांबण्यासाठीच तर आपण इतक्या दूर एकमेकांना धरून राहिलो आहोत, असे मला आता वाटते.

बैठक संपल्यावर एक आनंदाची गोष्ट घडली. ज्या मुलाने मोबाईलवर संगीत काढले होते तोच काकांजवळ जाऊन बसला आणि सातवा की आठवा मेळ म्हणजे भैरवी, असे विचारू लागला. काका म्हणाले, "मेळ-बिळ मला ठावं न्हाई बाबा. बोटं ठेव हितं." आणि त्यांनी पेटीचा भाता उघडला. आता दर रविवारी संध्याकाळी शिकवणी चालू आहे. ज्यांना मुले पाठवायची असतील त्यांनी जरूर पाठवावीत. फी नाही. फक्त वेळेवर यावे, एवढीच काकांची अट आहे.

व्हॉयेजर-१ आज आपल्यापासून सुमारे २,५०० कोटी किलोमीटरवर आहे. प्रकाशाच्या वेगाने निघालेला त्याचा संदेशही इथे पोचायला जवळजवळ एक दिवस घेतो. दुसऱ्या कुठल्या ताऱ्याच्या आसपास जायला त्याला आणखी सुमारे ४० हजार वर्षे लागतील. तोवर ती तबकडी कोणी वाजवील की नाही, देव जाणे. पण एक घरची भाषा आणि एक भैरवी बरोबर घेऊन घरापासून लांब जाणे म्हणजे काय, हे खानापूर, गोवा, सोलापूर, नागपूर सोडून कावेरीकाठी येऊन राहिलेल्या आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

अक्षरे जाणणारा आमचा इन्नंबूरचा स्वामी आणि चौसष्ट कलांचा अधिपती श्रीगणेश आपल्या सर्वांना, आणि नव्या पिढीच्या हातातल्या नव्या यंत्रांनाही, सद्बुद्धी देवो, ही प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!